चुकीचा सूर, परकी भाषा, तरीही अजोड: ‘मिझेरेरे’चं 1963चं ध्वनिमुद्रण कसं ऐकावं

गुड फ्रायडेच्या आगेमागे एक गोष्ट मोबाइलवर हमखास फिरते. पोपच्या चॅपलमध्ये एक स्तोत्र गायलं जायचं. त्याची नक्कल करणाऱ्याला थेट धर्माबाहेर टाकलं जाई. चौदा वर्षांच्या मोझार्टने ते एकदा ऐकलं आणि मुक्कामावर येऊन जसंच्या तसं कागदावर उतरवलं. गोष्टीच्या खाली दुवा असतो. तो उघडला की पुष्कळदा केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजच्या गायकवृंदाचं मार्च 1963 मधलं ध्वनिमुद्रण सुरू होतं: ग्रेगोरियो अलेग्री या इटालियन संगीतकाराचं ‘मिझेरेरे’, डेव्हिड विलकॉक्स यांच्या संचालनाखाली.

इथे आपल्या कानांची पंचाईत होते. ठेका नाही, वाद्य नाही, शब्द कळत नाहीत. तेच ते पुन्हापुन्हा येतंय असं वाटतं. मधूनच एका लहान मुलाचा आवाज कुठल्या कुठे वर जातो आणि परत येतो. बारा-साडेबारा मिनिटांनी सगळं संपतं. जगभरातले लोक याला डोक्यावर का घेतात, हा प्रश्न मात्र तसाच राहतो.

उत्तर द्यायला थोडं मागे जावं लागेल. पण माझं मत आधीच सांगतो. हे ध्वनिमुद्रण मूळ कागदाबरहुकूम आहे म्हणून थोर नाही. ते कागदाबरहुकूम नाहीच. कागदावर मुळात फारसं काही नव्हतं, आणि ही रचना पहिल्या दिवसापासून गाणाऱ्यांच्या गळ्यात आणि गाण्याच्या जागेत राहत आली, हे ज्याला उमगलं त्यालाच 1963 साली त्या वास्तूत काय घडलं ते नीट ऐकू येतं.

## गायलं जातंय ते काय

शब्द बायबलमधल्या एका स्तोत्राचे आहेत. मराठी बायबलच्या ‘स्तोत्रसंहिते’त ते 51वं. जुन्या लॅटिन क्रमात ते 50वं येतं, म्हणून दोन्ही आकडे दिसले तर गोंधळू नका. परंपरा हे स्तोत्र दावीद राजाच्या तोंडी घालते. दावीदने बथशेबा या परस्त्रीचा अभिलाष धरला आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मरण येईल अशी व्यवस्था केली. नाथान या संदेष्ट्याने त्याच्या तोंडावर त्याचं पाप मांडलं, तेव्हा राजा कोसळला. हे स्तोत्र त्या कोसळण्याचं आहे. माझ्यावर दया कर, मला धुऊन काढ, माझं पाप सतत माझ्यासमोर उभं आहे, माझ्या ठायी शुद्ध हृदय निर्माण कर, असा त्याचा आशय. लॅटिनमध्ये त्याचा पहिलाच शब्द ‘मिझेरेरे’, म्हणजे ‘दया कर’.

ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात हे स्तोत्र ख्रिस्ती जगात सर्वत्र म्हटलं जातं, वसईत आणि गोव्यातही. गोव्यातल्या चर्चमध्ये तर या काळात ‘मोटेट’ नावाची अनेक आवाजांची प्रार्थनागीतं गाण्याची स्वतःची जुनी परंपरा आहे. तिथल्या वाचकाला या लेखातला निम्मा भाग घरचाच वाटेल.

अलेग्री हा रोमचा, जन्म 1582, मृत्यू 1652. धर्मगुरू होता आणि गायकही. 1629च्या अखेरीस तो पोपच्या सिस्टीन चॅपलच्या गायकवृंदात दाखल झाला आणि 1630च्या दशकात, पोप आठव्या अर्बनच्या काळात, त्याने ही रचना केली. ज्या वृंदात आपण रोज उभे राहतो त्याच वृंदासाठी त्याने ती लिहिली. कोणाचा आवाज कुठे पोचतो आणि ती वास्तू किती गुंजते, हे त्याला पाठ होतं.

प्रसंगही ठरलेला. ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात ‘टेनेब्रे’, म्हणजे अंधाराची, उपासना होत असे. एकेक स्तोत्र संपलं की एकेक मेणबत्ती विझवायची. शेवटी जवळपास काळोख उरायचा, समोरच्या भिंतीवरचा मायकलअँजेलोचा ‘अंतिम न्याय’ दिसेनासा व्हायचा, आणि त्या काळोखात ‘मिझेरेरे’ सुरू व्हायचं. सिस्टीन चॅपलमध्ये वाद्य वाजवण्याची प्रथा नव्हती. ऑर्गनसुद्धा नाही. फक्त गळे.

## बांधणी: दोन वृंद आणि एक सरळ ओळ

आपल्याकडे गाणं म्हणजे एक स्वररेषा: तानपुऱ्याच्या षड्जावर एक गळा चालतो, बाकीचे साथ करतात. इथे एकाच वेळी चार-पाच वेगवेगळ्या स्वररेषा चालतात आणि त्या एकमेकींवर पडून जो एकत्रित नाद होतो, तोच ऐकायचा असतो. अशा एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गठ्ठ्याला ‘कॉर्ड’ म्हणतात. तांत्रिक शब्द एवढा एकच लक्षात ठेवला तरी पुरे.

अलेग्रीने स्तोत्राचे 20 तुकडे मानले आणि ते तीन प्रकारे गाण्याची सोय केली. पहिला तुकडा पाच आवाजांचा, म्हणजे पाच स्वररेषांत विभागलेला, मोठा वृंद गातो. दुसरा एका सरळ ओळीत, सगळे पुरुष मिळून, जुन्या चर्चमधल्या पठणासारखा म्हणतात. तिसरा दूरवर उभा असलेला चार गायकांचा छोटा गट गातो. चौथा पुन्हा सरळ ओळीत. पाचव्याला मोठा वृंद परत येतो. असं चक्र फिरत राहतं. शेवटच्या तुकड्यात दोन्ही गट एकत्र येतात आणि नऊ आवाज होतात.

म्हणजे ‘तेच ते पुन्हा येतंय’ ही तुमची शंका अगदी बरोबर आहे. मोठ्या वृंदाचं संगीत पाच वेळा येतं, छोट्या गटाचं पाच वेळा. बदलतात ते शब्द, आणि बदलतं आपलं कान देणं.

प्रत्येक तुकड्याच्या आतली चाल तर आणखी साधी आहे. बरेचसे शब्द एकाच कॉर्डवर बोलल्यासारखे म्हणायचे आणि ओळीच्या टोकाला सुरांची छोटी वळणं घेत विसावायचं. आपण मंत्रपुष्पांजली म्हणताना शब्दांची मोठी रास एक-दोन सुरांवर वाहून नेतो आणि ओळ संपताना खाली येतो, तोच हा जुना मार्ग. प्रार्थनेत शब्द पुष्कळ आणि म्हणणारे अनेक असले की माणूस जगात कुठेही याच युक्तीकडे वळतो.

## कागदावर एवढं साधं, मग दबदबा कसला?

बादशहा पहिल्या लिओपोल्डची गोष्ट सांगितली जाते. व्हिएन्नाच्या या संगीतवेड्या बादशहाने पोपकडून ‘मिझेरेरे’ची प्रत मागवली. प्रत आली, दरबारच्या चांगल्या गायकांनी ती गायली, आणि निघाली अगदी सामान्य. बादशहाला वाटलं, पोपच्या संगीतप्रमुखाने खरी रचना लपवून भलतीच पाठवली. तक्रार गेली आणि बिचाऱ्या प्रमुखाची नोकरी गेली. पुढे त्याने खुलासा केला, की प्रत खरीच होती. चॅपलमधले गायक ती ज्या तऱ्हेने गातात ती तऱ्हा कागदावर लिहिता येत नाही.

हा खुलासा मराठी वाचकाला मुद्दाम समजावून सांगावा लागणार नाही. बंदिशीचं नोटेशन छापील पुस्तकात दोन-चार ओळींचं असतं. त्या ओळी वाचून मोठ्या गवयाची मैफल कोणाला कळलेली नाही. सिस्टीन चॅपलमध्ये ओळीच्या टोकाशी असलेल्या साध्या सुरांवर गायक सजावट करत. ही अलंकरणं लिहिलेली नव्हती. ज्येष्ठ गायकाकडून कनिष्ठाकडे तोंडी जात आणि घराण्याच्या ऐवजासारखी जपली जात. शिवाय कोणत्या शब्दावर आवाज दाबायचा, कुठे रेंगाळायचं, शेवट किती विरत न्यायचा, हे सगळं चॅपलच्या सवयीत मुरलेलं होतं.

इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी यांनी 1771 साली लंडनमध्ये ही रचना छापली, ती अलंकरणांविना. म्हणजे ‘गुपित’ फुटलं आणि हाती आला तो सांगाडा. अलंकरणांसकट छापील प्रत यायला 1840 उजाडलं.

## मग मोझार्टची गोष्ट खरी की खोटी?

गाभा खरा आहे. मोझार्ट पितापुत्र 1770 साली ईस्टरपूर्वीच्या आठवड्यात रोममध्ये होते आणि बुधवारी, 11 एप्रिलला, त्यांनी ही रचना ऐकली. वडील लिओपोल्ड यांनी 14 एप्रिलला पत्नीला लिहिलेल्या पत्रात हे आहे: नक्कल करणाऱ्याला धर्माबाहेर टाकण्याची ताकीद असलेलं ते प्रसिद्ध ‘मिझेरेरे’ आता आपल्याकडे आहे, वोल्फगांगने ते लिहून काढलं.

पुढचा तिखट-मीठ लावलेला भाग मात्र सोडून द्यावा. एकतर रचनेच्या प्रती व्हॅटिकनबाहेर आधीच गेल्या होत्या, त्यामुळे ती कुलूपबंद नव्हती. दुसरं, तेच संगीत पाच-पाच वेळा येतं हे आपण पाहिलं. चौदा वर्षांच्या मुलासाठी हे तरीही विलक्षणच, पण बारा मिनिटांचं सलग नवं संगीत एका ऐकण्यात टिपलं असं त्यात नाही. तिसरं, शिक्षा कोणीच केली नाही. त्याच वर्षी जुलैमध्ये पोपने उलट मोझार्टला मानाची पदवी दिली.

या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटणारं वाक्य फिरणाऱ्या गोष्टीत कधीच नसतं. लिओपोल्ड लिहितात, की ही प्रत मी तुला पत्रासोबत पाठवलीही असती, पण ती गाताना आम्ही तिथे हजर असायला हवं. कारण या रचनेचा जो परिणाम होतो त्यात रचनेपेक्षा गाण्याच्या तऱ्हेचा वाटा मोठा आहे. मुलाने टिपलेला कागद हाती असताना बाप सांगतोय की कागद पुरत नाही. ते स्वतः व्हायोलिनचे नाणावलेले शिक्षक होते. त्यांना नेमकं कळलं होतं.

## तो प्रसिद्ध वरचा सूर

‘मिझेरेरे’ म्हटलं की लोकांना आठवतो तो छोट्या गटातल्या मुलाचा सगळ्यात वरचा सूर. पाश्चात्त्य भाषेत वरचा ‘सी’, आपले हार्मोनियमवाले ज्याला पांढरी एक म्हणतात तोच, पण पियानोच्या मधल्या ‘सी’च्या दोन सप्तकं वर. हा सूर अलेग्रीने लिहिलेला नाही. मोझार्टने तो ऐकलेला असण्याचीही शक्यता नाही.

संगीतकार मेंडेल्सन 1831 साली रोममध्ये होते. त्यांनीही हे गायन ऐकून काही भाग टिपला. त्या दिवशी वृंद नेहमीपेक्षा चढ्या पट्टीत गात होता, त्यामुळे त्यांची टिपणं वरच्या पट्टीतली झाली. पुढे 1880च्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्रोव्ह यांचा मोठा संगीतकोश निघाला. त्यातल्या नोंदीत छोट्या गटाच्या तुकड्याचा पूर्वार्ध एका पट्टीतला आणि उत्तरार्ध मेंडेल्सनच्या चढ्या पट्टीतला, असे दोन भाग एकमेकांना जोडले गेले. आईच्या वहीतल्या पदार्थाचं साहित्य लिहून घ्यावं आणि पान उलटताना कृती मावशीच्या वहीतली यावी, तसं काहीसं. पदार्थ भलताच झाला, पण इतका रुचला की लोक तोच करत राहिले. पुढच्या आवृत्त्यांनी हा जोड तसाच उचलला. वुस्टर कॅथेड्रलच्या आयव्हर अॅटकिन्स यांनी 1951 साली इंग्रजी शब्दांसह काढलेल्या आवृत्तीतही तो आहे, आणि किंग्ज कॉलेजचं गायन त्या आवृत्तीवरून झालेलं आहे.

या जोडामुळे कानाला काय होतं, ते रागसंगीत ऐकणाऱ्याला चटकन पकडता येईल. अर्ध्या वाटेवर षड्जच सरकतो. आधीच्या मध्यमाला षड्ज मानून पुढची ओळ चालू लागते. मूर्च्छनेत गवय्याने आधारस्वर बदलला की पायाखालची जमीन हलल्यासारखं वाटतं, तसं इथे होतं, आणि त्याच क्षणी तो मुलगा वर जातो. अलेग्रीच्या काळच्या नियमांत असली उडी बसत नाही. जाणकारांना ती खटकते, ते बरोबरच आहे. सामान्य ऐकणाऱ्याच्या अंगावर त्याच जागी काटा येतो, तेही बरोबर आहे.

## 1963: वास्तू, संचालक आणि बारा वर्षांचा मुलगा

किंग्ज कॉलेजचं चॅपल 1446 साली सहाव्या हेन्रीने बांधायला घेतलं आणि बांधकाम पुरं व्हायला 1515 उजाडलं. लांबी सुमारे 88 मीटर, उंची सुमारे 24 मीटर, आणि वर दगडी पंखे उलगडल्यासारखं छत. एवढ्या दगडात सोडलेला सूर लगेच मरत नाही. तुम्ही गाणं थांबवता आणि काही सेकंद चॅपल गात राहतं. बेसावध वृंदाला ही जागा चिखल करून टाकते, कारण आधीची कॉर्ड विरण्याआधी पुढची तिच्यावर चढते. पण जो संचालक या गुंजेला वाद्य समजून वागवतो त्याला तिच्यासारखी साथ नाही.

विलकॉक्स तसे होते. जन्म 1919, लहानपणी वेस्टमिन्स्टर अॅबीत गायलेले, दुसऱ्या महायुद्धात नॉर्मंडीच्या लढाईत शौर्यपदक मिळवलेले. 1957 ते 1974 ही सतरा वर्षं किंग्जचा वृंद त्यांच्या हाती होता. सुरेलपणाबद्दल ते कमालीचे कडक. वृंदात 16 मुलगे आणि खालच्या आवाजांना विद्यापीठातले तरुण विद्यार्थी. सगळे कॉलेजच्या रोजच्या उपासनेत गाणारे. म्हणजे हे स्टुडिओत एका दिवसासाठी जमवलेले गायक नव्हते. एकमेकांचा श्वास त्यांना ठाऊक होता.

तबकडी निघाली आर्गो कंपनीची, ‘अॅश वेन्झडे’ची संध्याकाळची उपासना या नावाने. अॅश वेन्झडे हा उपवासकाळाचा पहिला दिवस, कपाळाला राख लावण्याचा. म्हणजे ‘मिझेरेरे’ त्या तबकडीत एका पूर्ण उपासनेचा भाग म्हणून आलं. ते स्वतंत्र ‘गाणं’ झालं नंतर, संकलनांमधून.

वरचा आवाज रॉय गुडमन या बारा वर्षांच्या मुलाचा. मुलाचा आवाज फुटण्याआधी जो उंच, स्वच्छ असतो त्याला ट्रेबल म्हणतात, आणि तो फार थोडी वर्षं टिकतो. गुडमन पुढे व्हायोलिनवादक आणि संचालक म्हणून नावारूपाला आले, पण जग त्यांना ओळखतं ते प्रामुख्याने या काही मिनिटांमुळे.

भाषा लॅटिन नाही, इंग्रजी आहे: सोळाव्या शतकातल्या माइल्स कव्हरडेल यांच्या भाषांतराची, जी अँग्लिकन चर्चच्या प्रार्थनापुस्तकातून तिथल्या लोकांच्या जिभेवर बसलेली आहे.

## आता प्रत्यक्ष ऐकताना

हेडफोन लावा. आवाज फार मोठा ठेवू नका, कारण यात उंच-सखल भाग आहेत आणि सखल भाग अधिक महत्त्वाचे आहेत.

पहिल्या तुकड्यात चालीकडे लक्ष देऊच नका. मोठा वृंद थांबतो तिथे कान ठेवा. कॉर्ड संपल्यावर वर छतात काय उरतं आणि ते किती हळू विरतं, ते ऐका. विलकॉक्स त्या विरण्याला वेळ देतात. पुढचा आवाज उचलण्याआधीची ही जागा गाण्याचाच भाग आहे.

मग पुरुषांची सरळ ओळ. इथे कॉर्ड नाही, सजावट नाही. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा भाग कंटाळवाणा वाटतो आणि पुढे ढकलावासा वाटतो. तसं करू नका. कानाला इथे विसावा मिळतो, म्हणून तर त्यानंतरचा छोटा गट उठून दिसतो.

छोटा गट दुरून ऐकू येतो. चारच आवाज, आणि वर गुडमन. सूर वर जातो तेव्हा पाहण्यासारखी गोष्ट ही, की तो जोर लावत नाही. गळा थरथरवत नाही, पोचल्याचा डांगोरा पिटत नाही. सूर तिथे आधीपासून होता आणि आता फक्त दिसला, असा लागतो. क्षणभर ठरतो आणि मग छोट्या वळणांनी खाली येतो. माझ्या मते खरी कमाल उतरण्यात आहे. वर जाणारे पुष्कळ असतात. इतक्या उंचीवरून प्रत्येक पायरीवर सूर नेमका ठेवत, ओळीचा श्वास न तोडता उतरणं दुर्मीळ. आणि याच ठिकाणी शब्द कोणते आहेत तेही पाहा: पहिल्यांदा हे संगीत येतं ते ‘मला माझ्या पापापासून शुद्ध कर’ या ओळीवर.

दुसऱ्या फेरीपासून लक्ष खाली न्या. वरच्या सुराच्या मोहात खालचे तीन आवाज निसटतात. त्यातला सगळ्यात खालचा धरून ठेवा. वरचा आवाज उडी घेतो तेव्हा खाली आधार कसा सरकतो, ते कळलं की ‘षड्ज बदलला’ म्हणजे काय ते पुन्हा समजावावं लागत नाही.

तिसऱ्या-चौथ्या फेरीला एक वेगळीच गोष्ट होते. पुढे काय येणार हे कानाला माहीत असतं आणि तरी तो वाट पाहतो. पुनरावृत्ती इथे कामाला लागते. जपात जे होतं ते हेच. एकदाच आला असता तर तो वरचा सूर करामत वाटला असता. पाच वेळा येतो, म्हणून तो विनवणी होतो. पापी माणूस एकदा दया मागून गप्प बसत नाही.

शेवटच्या तुकड्यात दोन्ही गट एकत्र येतात. इथे फार मोठा कळस होईल अशी अपेक्षा धरू नका. नऊ आवाजांची ही रुंदी शांतपणे पसरते आणि थांबते.

## ‘पण मग हे खरं “मिझेरेरे” नाहीच ना?’

हा आक्षेप गंभीर आहे. सूर चुकून जोडलेला, भाषा बदललेली, देश आणि पंथ वेगळा, रोमच्या गायकांची अलंकरणं नाहीत. मूळ चॅपलमध्ये वरचे आवाज मोठ्या माणसांचे असत. त्यांत लहानपणी शस्त्रक्रिया करून ज्यांचा आवाज फुटू दिला जात नसे असे गायकही होते. चर्चच्या गायनात स्त्रियांना मज्जाव होता, त्यातून उद्भवलेली ही क्रूर प्रथा. ती गेली हे उत्तमच झालं. तेव्हा ‘मूळ नाद’ शब्दशः परत आणायचा म्हटला तरी तो आणता येणार नाही.

एक सांगाडा, आणि त्यावर पिढ्यान् पिढ्या गाणाऱ्यांनी चढवलेलं मांस: ही रचना जन्मापासून अशीच आहे. 1963च्या ध्वनिमुद्रणात ऐकू येणारा तो जोडलेला वरचा सूर हा त्याच साखळीतला उशिराचा, अपघाती दुवा. अलेग्रीने काय लिहिलं असा प्रश्न असेल तर हे ध्वनिमुद्रण चुकीचं उत्तर देतं, ते तसं सांगायला हवं. अंधारात उभं राहून दया मागणाऱ्या माणसांचा आवाज कसा असतो असा प्रश्न असेल, तर मी याच्याकडे बोट दाखवीन.

## ‘मी ख्रिस्ती नाही. श्रद्धाही नाही. मला यात काय?’

श्रद्धा हवी अशी अट नाही. पण शब्द कशाबद्दल आहेत हे माहीत असण्याची अट मी घालीन. मन शांत करणाऱ्या संगीताच्या यादीत हे ध्वनिमुद्रण पाहिलं की मला वाईट वाटतं. हे झोप यावी म्हणून केलेलं संगीत नाही. एका सत्ताधाऱ्याने एका माणसाचा जीव घेतला आहे आणि आता त्याला आरशात पाहवत नाही. ज्याच्या मनात कधीतरी एखादी गोष्ट सलली आहे, त्याला दावीद परका नाही. नादाचा गोडवा आणि शब्दांतली आग यांतलं अंतर लक्षात ठेवून ऐका. त्या गोडव्याला धार येईल.

## ‘साठ वर्षांपूर्वीचं ध्वनिमुद्रण कशाला? नवी आहेत की’

आहेत, आणि ऐकावीतच. टॅलिस स्कॉलर्स या वृंदाने पीटर फिलिप्स यांच्या संचालनाखाली 1980 साली ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या चॅपलमध्ये केलेलं ध्वनिमुद्रण लॅटिनमध्ये आहे आणि वरचा आवाज मुलाचा नसून प्रौढ गायिकेचा. अचूकपणात ते किंग्जच्या पुढे आहे असं माझं मत आहे. मुलाच्या आवाजात जो एक कोवळेपणा असतो, हा आवाज आणखी वर्षभराने राहणार नाही ही जी जाणीव असते, ती तिथे नाही. कोणाला ती उणीव वाटणारही नाही.

2015 साली तर खुद्द सिस्टीन चॅपलच्या गायकवृंदाने त्याच चॅपलमध्ये, 1661च्या हस्तलिखितावरून, हे गायलं. किंग्जचं दोन-तीनदा मन लावून ऐकून झालं की ते लावा. तुमचा कान छोट्या गटाच्या तुकड्यात त्या वरच्या सुराची वाट पाहील, आणि तो येणार नाही. सुरुवातीला काहीतरी हरवल्यासारखं वाटेल. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीनंतर अलेग्रीने प्रत्यक्ष लिहिलेली साधी, सरळ वळणं कानात बसू लागतील, आणि बादशहा लिओपोल्डला जे ‘सामान्य’ वाटलं होतं ते नेमकं काय होतं, हे स्वतः तपासून पाहता येईल.